येळवशीला गावात कोण होतं

अप्पा, आज वेळ अमावास्या, आपली येळवस, आणि घरात मी एकटी आहे. पोरं, सुना, नातवंडं सकाळीच आंबिलीचा माठ आणि भज्जीची पातेली जीपमध्ये घालून शेतात गेली. मला म्हणाली, चल, खुर्ची घेऊ, कडब्याच्या कोपीत सावलीला बसवतो. मी म्हटलं, माझे गुडघे आता रानात बसण्यातले राहिले नाहीत, तुम्ही जा आणि येताना माझ्या वाटचे बाजरीचे उंडे आणा. गुडघे हे निमित्त. आपल्या जुन्या गावाजवळचं औराद, जिथं मी आता राहते, पुष्कळ वाढलंय, पण येळवशीला आमची गल्ली अजून पूर्वीसारखीच ओस पडते. कुत्रीसुद्धा माणसांमागं रानात जातात. दुपारी बाराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात तांब्या भरत होते, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली. दोनदा. खिडकीतून पाहिलं तर गल्लीत पांढरं ऊन पडलेलं, माणूस नाही. ही हाक मला दर येळवशीला ऐकू येते आणि ती ऐकायलाच मी घरी राहते, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर सुना डॉक्टरकडं नेतील. आज म्हटलं, तुम्हाला लिहून टाकावं. कागद शोधायला ट्रंक उघडली तर तुमचे ते दोऱ्यानं शिवलेले ताव हाती आले. त्यांच्या मागच्या बाजू कोऱ्याच आहेत. त्यांवरच लिहितेय, रागावू नका.

या तावांवर तुम्ही गावाचं म्हणणं लिहून घेतलं होतंत. मोठी लढाई संपली त्या सालची गोष्ट. मी नऊ वर्षांची. तुम्ही गावच्या एकखणी शाळेचे मास्तर, हैदराबादचं राज्य अजून होतं, आणि तालुक्याहून उर्दूतला एक कागद आला. सरकार लढाईनंतरची योजना आखत आहे, तुमच्या ओढ्यावर तलाव होईल, त्याची जागा ठरवण्याआधी एक साहेब बहमन महिन्यातल्या अमुक तारखेला गावात येतील आणि रयतेचं मत घेतील. तुम्ही तो कागद उभ्या उभ्या तीनदा वाचलात. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला म्हणालात, "आपल्याला इचारणार हायत." आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "इचारून करतील काय? पातेलं पालथं घालून 'वाढू का' म्हणायलेत." तुम्ही हसलात आणि कागद पुन्हा उघडलात. तुम्हाला तसं भारावलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तोवर सरकार म्हणजे गावाकडून काहीतरी घेऊन जाणारं. गावाला प्रश्न विचारणारं सरकार तुम्ही फक्त पुस्तकात पाहिलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ओढ्यातला गाळ आणून शाळेच्या अंगणात गाव मांडलंत. गाळाचा ओढा, गाळाचे दोन बांध, आणि घरटी एक खडा. ज्याचं घर त्यानं आपल्या हातानं खडा ठेवायचा, हा तुमचा हट्ट. बांध वर घातला तर पाटलांचं कुरण बुडणार होतं, खाली घातला तर गाव. हे तोंडानं सांगून लोकांना पटेना म्हणून तुम्ही तांब्यानं पाणी ओतलंत. वरच्या बांधाला पाणी अडलं तेव्हा पाटलांच्या कपाळाला आठी पडली. खालच्या बांधाला अडलं तेव्हा एकेक खडा हळूहळू पाण्याखाली गेला. आम्ही पोरं टाळ्या पिटायला लागलो आणि मोठी माणसं आपापला खडा शोधायला लागली. धनगराच्या म्हातारीला गावात कधी कोणी काही विचारत नसे. ती पुढं वाकली, पाण्यात हात घालून आपला खडा काढला, पदरानं पुसला आणि कनवटीला लावला. म्हणाली, "माजं घर मी नेते बया, तुमचं तुमी बगा." त्यावर सगळे हसले. मीही हसले.

मग तुम्ही घरोघर जाऊन लिहायला बसलात. प्रत्येकानं आपलं आपण बोलायचं, बाईनं बाईचं, गड्यानं गड्याचं, आणि साहेब आल्यावर हेच त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं. पाटलांना हे रुचलं नाही. ते पारावर बसून म्हणाले, "मास्तर, गावाला तोंड एकच असतंय, अन् ते माजं हाय. समदेच बोलाया लागले तर सायबाला ऐकू काय येणार?" तुम्ही म्हणालात, "तोंड एक असू द्या पाटील, पर पोटं किती हायत?" पाटील हसले, कारण ते वाईट माणूस नव्हते, आणि त्यांनीही 'कुरण राहावे' असं लिहून दिलं. या तावांवर ते सगळं तुमच्या वळणदार अक्षरात अजून आहे. कोणाला औरादच्या वाटेवर खडी हवी, कोणाला दवा देणारा माणूस. वेशीबाहेरच्या लोकांनी गावविहिरीवर हक्क मागितला. तो लिहिताना तुमचा टाक अडखळला नाही, वाचून दाखवताना पाटील मात्र खाकरले. पाटील सोडून सगळ्यांनी एक मात्र सारखंच सांगितलं होतं: तलाव वर घाला, गाव राहू द्या. धनगराच्या म्हातारीनं वर आणखी सांगितलं, "आज इचारलं तसं वर्साला एकदा तरी इचारावं." शेवटी तुम्ही मला विचारलंत. मला काही सुचेना. तुम्ही लिहिलंत, 'मास्तरची मुलगी: आज काही सांगितले नाही. पुन्हा विचारणे.' लोकांनी तुम्हाला विचारलं, मास्तर, खरंच ऐकतील का? तुम्ही म्हणालात, "मी शबूद देतो. तुमाला इचारल्याबिगर गावाला कोनी हात लावनार न्हाई." तो शब्द देताना मी तुमचं बोट धरून उभी होते.

आता हाकेचं सांगते. घरात तुमची विधवा बहीण होती, माझी आत्या. तिनं मला लहानपणापासून पढवलं होतं: पहिली हाक वाऱ्याची, दुसरी मेल्याची, तिसरी माणसाची. तिसरीशिवाय ओ द्यायची नाही, देशील तर तुझा जीव त्या आवाजामागं जाईल. आणि येळवशीला तर मुळीच नाही, कारण त्या दिवशी जिती माणसं रानात जातात आणि गाव मेलेल्यांना मोकळं असतं. मी इतकी पक्की झाले की शाळेतही तुम्ही हजेरीला माझं नाव तीनदा घेतल्याशिवाय 'हाजिर' म्हणत नसे. एक दिवस तुम्ही चिडलात. सगळ्या शाळेसमोर मला उभं करून म्हणालात, "जितं मानूस पहिल्या हाकेला ओ देतंय. तू काय मेलीयास का?" पोरं फिदीफिदी हसली. मला तुमचा असा राग आला की घरी येऊन मी जेवले नाही. मग तुम्हीच ताट घेऊन माझ्याजवळ बसलात आणि समजावलंत, की बाई गं, हाक मारणारा बहुतेक वेळा आपल्यापेक्षा जास्त अडलेला असतो. मला ते पटलं. पण पटणं वेगळं आणि भीती वेगळी.

साहेबाची तारीख हैदराबाद सरकारच्या फसली सनातली, उर्दू महिन्याची. तुम्ही पंचांग घेऊन बसलात, बोटांवर मोजलंत आणि गावाला सांगितलंत की साहेब येळवशीच्या दुसऱ्या दिवशी येणार. म्हणून येळवशीला गाव निर्धास्त रानात गेलं. आपल्या शेतात कडब्याची कोप उभी राहिली, आईनं सगळं मांडलं, आणि पाच पांडवांचे दगड रंगवायला घ्यावेत तर चुन्याची डबी घरीच राहिलेली. मला पिटाळलं. शेत जवळच होतं, धावत दहा मिनिटांची वाट. मी वेशीतून आत आले आणि माझे पाय आपोआप हळू झाले. सगळ्या दारांना बाहेरून कड्या. गोठे रिकामे. उखळांवर सुपं पालथी. माझ्या पायातल्या वाळ्यांचाच आवाज एवढा मोठा वाटायला लागला की मी वाकून ते हातांनी धरले आणि तशीच वाकत वाकत घरापर्यंत गेले. आत अंधार होता. देवळीतली डबी घेतली, आणि तेव्हा मोटारीचा आवाज आला. मोटार मी जन्मात दोनदाच पाहिली होती. आवाज चावडीपाशी बंद पडला. मग बुटांचा आवाज. मग हाक: "कोई है?"

माझ्या तोंडात ओ आली होती, अप्पा. ओठ गोलसुद्धा झाले होते. पण मी एक बोट मिटलं. थोड्या वेळानं तोच आवाज जवळून आला, "अरे, कोई है क्या?" मी दुसरं बोट मिटलं आणि दाराच्या फटीतून पाहिलं. फटीत फक्त ऊन होतं. मग मोटार सुरू झाली आणि दूर गेली. मी परसाच्या पडक्या भिंतीवरून उडी मारून शेताकडं पळाले. आई म्हणाली, "कामून इतका उशीर केलीस?" तुम्ही गुडघ्यांवर बसून दगडांवरची माती पुसत होता. डबी घेताना सहज विचारलंत, "मोटारीसारखा आवाज आला का गं? गावात कोनी दिसलं का?" मी म्हटलं, "न्हाई." आत्या माझ्याकडं बघत होती. जे आलं होतं ते माणूस होतं की आत्या म्हणते ते, हे मला ठरवता येत नव्हतं. आणि तुम्हाला सांगावं तर ओ का दिली नाहीस म्हणून पुन्हा बोलणी खावी लागणार. मग तुम्ही पांडवांना चुना लावलात आणि आपण पंगतीला बसलो. त्या दिवशी आपल्याकडं रानातून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून जेवायला बसवतात. तो साहेब अर्धा कोस चालला असता तर पोट फुटेस्तोवर जेवला असता आणि गावाचं मत त्याला वाढता वाढता कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव धुतलेली धडुती घालून पारावर दिवस मावळेपर्यंत बसलं. तिसऱ्या दिवशीही बसलं. साहेब आला नाही.

होळीच्या आसपास कंट्रोलचं रॉकेल वाटायला निघालं आणि आपल्या गावाचं नाव यादीत नव्हतं. तुम्ही तालुक्याला गेलात. परत आल्यावर तुम्ही ते हसत हसत सांगितलंत. तिथल्या कारकुनानं कागद चाळले, तुमच्याकडं खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "मास्टरसाब, ये मौजा तो बेचिराग है. इधर कोई रहताइच नैं. आप किधर से आए?" बेचिराग म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते गाव, सरकारी कागदात उजाड पडलेलं. पटकीनं नाही तर दुष्काळानं माणसं उठून गेली की तसं लिहीत. तुम्ही म्हणालात, मी तिथनंच आलो, तिथं शाळा आहे, मी मास्तर आहे. कारकून भला होता, त्यानं तुम्हाला चहा पाजला, पण चहा देताना त्याची बोटं तुमच्या बोटांना लागू नयेत अशी बशी धरली म्हणे. हे सांगताना तुम्ही हसलात, आई हसली. आत्यानं उठून दिवा लावला. दिवेलागणीला अजून अवकाश होता.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला नाव काय द्यावं मला कळत नाही. कोणी काही केलं नाही, कोणी मारलं नाही. हलगीवाला पूर्वी गावोगाव दवंडी पिटत जायचा. आता तो आपल्या शिवेपाशी आला की हलगी काखेत मारायचा, मान खाली घालून गावातून चालत जायचा आणि पलीकडची शीव ओलांडली की पुन्हा वाजवायला लागायचा. आम्ही पोरं दोन्ही बाजूंना वाजणारी आणि मध्ये गप्प होणारी ती हलगी ऐकायचो. मी त्याला एकदा विचारलं, "मामा, आमच्या गावात कामून वाजवत न्हाईत?" तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला यादी दिलीया, माय. यादीत जे गाव न्हाई तिथं वाजवून ऐकणार कोन?" औरादच्या बाजारात लोक थट्टा करायचे, भुताच्या गावचे आले, सावली पडायलीय का बघा. मोठी माणसं हसून सोडून द्यायची. मी मात्र रस्त्याच्या कडेला सरकून खरंच सावली बघायची. ती असायची, पण मला ती पूर्वीपेक्षा फिकट वाटायची. आणि या सगळ्याचं मूळ माझ्या दोन मिटलेल्या बोटांत आहे, हे मला तोवर समजलं होतं. शाळा बंद करावी असा हुकूम आला. तुम्ही तो घडी घालून खिशात ठेवलात आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी हजेरी घेतलीत. तेव्हा मी पहिल्याच हाकेला 'हाजिर' म्हटलं. तुम्ही थांबलात, माझ्याकडं पाहिलंत आणि पुढचं नाव घेतलंत.

मग साखळी आणि निशाणं घेऊन मोजणीची माणसं आली. तलाव खाली घालायचा ठरला होता; गाव बेचिरागच, मग बुडवायला अडचण कसली. ते येणार याची कुणकुण तुम्हाला आधी लागली होती. तुम्ही गावाला सांगितलंत, दिवे लावा. भर दुपारी. चैताच्या उन्हात प्रत्येक उंबऱ्यावर करडईच्या तेलाचा दिवा जळत होता आणि प्रत्येक दाराशी घरची माणसं उभी होती. उन्हात ज्योत दिसत नव्हती, नुसती वर हवा थरथरताना दिसायची. त्या माणसांचा मुख्य तरणा पोर होता. तो गल्लीच्या तोंडाशी आला, त्यानं टोपी काढली आणि एकेका उंबऱ्यावरचा दिवा बघत पुढं आला. मग धनगराच्या म्हातारीला हळूच म्हणाला, "अम्मा, मेरे काग़ज़ में तो आप लोग नहीं हैं." म्हातारी म्हणाली, "मग कागद हिकडं आन बाबा, मी आंगठा उठवते." त्यानं कागद छातीशी धरला. तो रडकुंडीला आला होता, मी पाहिलं. पण त्याचं काम पाण्याची रेघ मारायचं होतं आणि ती त्यानं मारली. बादलीत चुना कालवून त्याच्या माणसांनी घरांच्या भिंतींवर पट्टे ओढले, तलाव भरेल तेव्हा पाणी इथवर येईल म्हणून. आपल्या घरात तो पट्टा तुमच्या डोक्याच्याही हातभर वर होता.

त्या पट्ट्याखाली आपण तीनेक वर्षं राहिलो. आईनं देव पट्ट्याच्या वरच्या देवळीत नेऊन ठेवले. आत्या म्हणायची, मला रात्रंदिवस कानांत पाणी गेल्यासारखं वाटतंय. लहान पोरं भिंतीला टेकून उभी राहायची आणि आपण पाण्यात किती बुडतो ते मोजायची. तुम्ही अर्जांवर अर्ज लिहिलेत. एकदा एक अर्ज परत आला, त्यावर शेरा होता की अर्जदाराचं गाव वस्तीचं नाही, सबब अर्जदाराचा पत्ता बरोबर नाही. तो तुम्ही वर्गात वाचून दाखवलात आणि आम्हाला म्हणालात, बघा, चांगलं अक्षर असलं म्हणजे पुरत नाही. मधल्या धामधुमीच्या दिवसांत तर कोणाला कोणाचं ऐकायला फुरसतच नव्हती. सगळा मुलूख घाबरून दारं लावून बसायचा. आपल्याकडं मात्र कोणी फिरकलं नाही. त्या एका बाबतीत कागदावर नसण्याचं गावाला बरंच वाटलं असेल.

मग लष्कर आलं, हैदराबादचं राज्य गेलं, आणि तुम्ही गावाला गूळ वाटलात. म्हणालात, "आता आपलं राज्य हाय. आता तरी इचारतील." आणि खरंच, काही महिन्यांत एक साहेब आला, पांढऱ्या टोपीतला, मराठी बोलणारा, येळवस-बिळवस टाळून. पारावर बसला आणि म्हणाला, ही योजना तुमची आहे, आता रयत नाही, तुम्हीच मालक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही पुढं झालात आणि हे ताव त्याच्या हातात दिलेत. त्यानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. त्याला खोटं का म्हणू, काही ताव त्यानं पुन्हा उलटून पाहिले. म्हणाला, "गुरुजी, असं काम सगळ्या तालुक्यात कोणी केलं नाही." मग त्यानं आपल्या पेटीतून जुनी फाईल काढली, तीच, हैदराबादची. त्यातला उर्दू मजकूर त्यानं आम्हाला मराठीत वाचून दाखवला. 'चावडीपाशी उतरून दोनदा पुकारा केला. कोणी ओ दिली नाही. घरं बंद, चुली थंड, जनावरं नाहीत. मौजा बेचिराग. तलावास कोणाची हरकत नाही.'

तुम्ही म्हणालात, "साहेब, त्या दिवशी येळवस होती." तो म्हणाला, "मला समजतं. पण योजना मंजूर झालेली आहे, आणि आता तर ती लोकांची योजना आहे. एका गावासाठी लोकांची योजना अडवायची कशी?" तुम्ही विचारलंत, "आमी लोक न्हाई का?" त्यानं फाईलचे बंद बांधायला घेतले. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तरनंच तारीख चुकवली." मग दुसरा म्हणाला. मग सगळेच. ज्यांच्या घरी बसून तुम्ही एकेकाचं म्हणणं लिहून घेतलं होतंत, तेच. तुम्ही साहेबाच्या हातून ताव परत घेतलेत. मी तिथंच उभी होते, पारापासून चार हातांवर, बारा वर्षांची घोडी. मी नुसतं म्हणायचं होतं, गाव रिकामं नव्हतं, मी होते, मी हाक ऐकली. फाईल कदाचित तरीही तशीच बांधली गेली असती. पण तारखेचं खापर तुमच्या डोक्यावर फुटलं नसतं. 'दोनदा पुकारा केला' हे शब्द आले तेव्हा तुम्ही मान वळवून माझ्याकडं पाहिलंत. मी खाली पाहिलं.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसले होते. तुम्ही आत आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि आईला ऐकू जाणार नाही असं म्हणालात, "दोनदाच मारली म्हने हाक. तिसरी मारलीच न्हाई. तुजी चूक न्हाई, पोरी." म्हणजे तुम्हाला केव्हापासून ठाऊक होतं? त्या पहिल्या हाकेच्या 'हाजिर'पासून? मी विचारलं नाही. मी मान हलवली आणि रडले, आणि तुम्हाला वाटलं पोरीचं ओझं उतरलं.

गाव उठलं. वर माळावर नवी वस्ती झाली, तिलाही यादीत यायला काही वर्षं लागली. धनगराच्या म्हातारीनं तो खडा नव्या उंबऱ्यात पुरला. सगळ्या योजनेत ठरल्याप्रमाणे हललेलं तेवढं एकच घर. दुसऱ्या पावसाळ्यात तलाव भरला आणि पाणी बरोबर चुन्याच्या रेघेवर थांबलं असं लोक म्हणतात. तलावाखालची शेतं हिरवी झाली, हेही खरं आहे. ते नाकारणं लबाडी होईल. तुम्ही कधी ते बघायला गेला नाहीत. त्याच थंडीत तुम्ही अंथरूण धरलंत आणि हे ताव मला दिलेत. म्हणालात, "ठेव. कवा कोनी इचारलंच तर जवळ असावं." कोणी विचारलं नाही. मी मास्तरीण झाले, तीस वर्षं हजेरी घेतली, आणि प्रत्येक नाव तीनदा घेतल्याशिवाय गैरहजर लिहिलं नाही. पोरी कंटाळायच्या. माझं ते नियमात बसत नाही म्हणून एका तपासनीसानं शेराही मारला होता.

पोरं आता येतीलच, ऊन उतरायला लागलंय. हे ताव पुन्हा ट्रंकेत तळाशी ठेवते, कारण त्या गावाला टपाल जात नाही. पण जे सांगायला बसले ते अजून राहिलंच. तुम्ही मला माफ केलंत ते दोन हाकांच्या हिशेबानं, आणि मी ते निमूट घेतलं. अप्पा, तिसरी हाक आली होती. मी दोन बोटं मिटून उभी होते आणि मोटार सुरू व्हायच्या आधी वेशीकडून आली, दमलेली, आपल्या बोलीत: "कुनी हाय का व्हो?" मोटार हाकणारा आपल्या भागातला असेल आणि त्याची हाक कागदावर धरली नसेल, असं मी स्वतःला सांगत आलेय. तो कोणी का असेना, आवाज माणसाचा होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तिसरं बोट मिटलं, दाराची कडी धरली आणि सोडून दिली. भीतीनं नाही. भीती तर उलट तिसऱ्या हाकेला गेली होती. गावात मी एकटी आहे हे ठाऊक असूनसुद्धा मला वाटलं, मी कशाला, दुसरं कोणीतरी देईल की ओ.